धुऊन गेलेलं काळं

इन्क्युबेटरच्या खोलीत कायम एकच ऋतू असायचा. बाहेर दात वाजवणारी थंडी असो, नाहीतर डांबर पाघळवणारं ऊन, आत आपली अंगातल्या रक्ताएवढी ऊब. भिंतीला लागून कपाटाएवढी यंत्रं मंद घुमत असायची आणि त्यांच्या काचेच्या दारांमागे, गुलाबी पाण्यात, कुणाकुणाच्या पेशी वाढत असायच्या. ताई त्या खोलीत शिरली की तिला दर वेळी किंचित पेंग आल्यासारखं व्हायचं. इतकी वर्षं झाली तरी ते गेलं नव्हतं, आणि जावं असं तिला वाटतही नव्हतं.

पेशी वाढवणं हेच तिचं काम. इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर कुणाची गाठ काढली की तिचा एक तुकडा बर्फावर ठेवून खाली यायचा. ताई त्याचे बारीक बारीक कण करायची, चपट्या बाटलीत, म्हणजे फ्लास्कात, सोडायची, खाऊपिऊ घालायची, पाणी बदलायची. हात असा की दुसऱ्याकडे मान टाकलेल्या पेशी तिच्याकडे आल्या की उभारी धरायच्या. आणि स्वच्छता तर विचारू नका. तिच्या टेबलावर धुळीचा कण सापडला तर त्याची वरात निघाली असती. प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत आणि पाठीमागे 'चकचक ताई'. हे तिच्या कानावर आलं होतं. ती तोंडानं रागवायची आणि मनातून सुखावायची.

त्या दिवसांत मधल्या यंत्राच्या मधल्या फळीवर धाकट्याचा फ्लास्क होता. धाकटा म्हणजे तिचा सख्खा, पाठचा भाऊ.

धाकट्याचं सलून होतं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि अखंड चालणारी टकळी. केस कापून झाले की हातातला छोटा आरसा गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरून तो म्हणायचा, "बघा, मागून कसे राजबिंडे दिसता ते." दुखणं निघालं तेव्हा तो ताईला म्हणाला होता, "जन्मभर लोकांना त्यांची मागची बाजू दाखवली गं, आणि स्वतःची पाठ काही कधी बघितली नाही." त्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, एक तीळ होता. तो पसरला, त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या, शर्टाला रक्त लागायला लागलं, तेव्हा कुठे स्वारीनं ते ताईच्या कानावर घातलं. मेलॅनोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशीच बहकतात, तो रोग. तीळ काढला, जखम भरली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि मग काखेत गाठ आली. मागोमाग फुफ्फुसात ठिपके दिसले. नेहमीची औषधं देऊन झाली, ती लागू पडली नाहीत.

एक उपाय उरला होता. काखेतली गाठ काढली तेव्हा तीत दोन तऱ्हेच्या पेशी निघाल्या. एक रोगाच्या, आणि दुसऱ्या त्या रोगावर चालून गेलेल्या राखणदार पेशी, ज्यांना डॉक्टर मंडळी टी-पेशी म्हणतात. राखणदार आत शिरले होते खरे, पण मूठभर होते आणि दमलेले होते. त्यांना बाहेर पोसून, त्यांची फौज करून, पुन्हा धाकट्याच्या रक्तात सोडायची असा बेत होता. त्याआधी मात्र एक परीक्षा व्हायची. हे राखणदार त्याच्या रोगाला ओळखतात का? ओळखत असतील तर पुढे जायचं. नसतील तर सगळं तिथेच थांबायचं. कारण फौज सोडण्याआधी माणसाच्या अंगातली जुनी रक्षणव्यवस्था औषधांनी पार झोपवावी लागते, आणि उगाच कुणाला त्यातून न्यायचं नाही, असा डॉक्टरबाईंचा कडक नियम होता. धाकट्याचा जीव त्या एका परीक्षेवर टांगलेला होता.

डॉक्टरबाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. निवृत्तीला आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, पण आवाज असा खणखणीत की यंत्रांनी घुमणं थांबवावं. त्यांचा आणखी एक नियम होता: नात्यातल्या माणसाचा नमुना नात्यातल्या माणसानं हाताळायचा नाही. ताई हट्टाला पेटली.

"बाई, दुसऱ्या कुणाला दिलात तर मी त्याच्या मानेवर बसून त्याचा जीव खाईन. त्यापेक्षा मलाच द्या."

"तू खाशीलच," बाई म्हणाल्या आणि हसल्या. आपण हसलो तिथेच चुकलो, असं त्या पुढे कितीतरी वेळा म्हणाल्या.

राखणदार ओळखतात कसे, ही गोष्ट ताईच्या फार आवडीची. नव्या मुली शिकायला आल्या की ती रंगात येऊन सांगायची. "यांना डोळे नसतात. सगळं चाचपून. प्रत्येक पेशी घरात जे जे बनवते, त्याचा चिमूटभर तुकडा दाराबाहेर वाटीत मांडून ठेवते. राखणदार दारोदार फिरतो आणि वाटीला बोट लावतो. नेहमीचं असेल तर पुढे जातो. खटकलं तर तिथेच थांबतो आणि बोंब ठोकतो. त्या तुकड्याला म्हणायचं अँटिजेन. दाराआड काय शिजतंय ते त्याला कधीच दिसत नाही. वाटीत असेल तेवढंच त्याचं जग." मग एखादी मुलगी विचारायची, की मेलॅनोमाच्या वाटीत काय असतं? "बऱ्याचदा रंग बनवायच्या हत्यारांचेच तुकडे," ताई म्हणायची. "जी पेशी रंगानं भरलेली, तिची वाटीही भरलेली." हे सगळं तिला तोंडपाठ होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा असा राग येतो.

धाकट्याच्या गाठीचे कण फ्लास्कात सोडले आणि दुसऱ्याच दिवशी ते गुलाबी पाणी काळवंडलं. काही पेशी तळाला चिकटून, हातपाय पसरून ऐसपैस बसल्या. बाकीच्या गोल, काळ्या, एकमेकींना बिलगून वर तरंगत राहिल्या. ताईला ते काळं बघवेना. हेच ते, यानंच माझा भाऊ पोखरलाय, असं तिला वाटायचं आणि हात आपोआप नळीकडे जायचा. इतरांचं पाणी ती एकदा बदलायची. इथे दोनदा, तीनदा. तरंगणारं सगळं शोषून कचऱ्याच्या बाटलीत टाकायची, नवं गुलाबी पाणी घालायची, उजेडात धरून बघायची, आणि एवढासा काळा कण दिसला तरी पुन्हा हात धुऊन त्याच्या मागे लागायची. तरंगतात त्या मेलेल्या, असं ती स्वतःला सांगायची, आणि मेलेलं काढून टाकणं हे तर तिचं कामच होतं. हळूहळू पाणी निवळलं. तळाला चिकटलेल्या पेशी भराभर वाढल्या, एकीला लागून एक, फरशी बसवल्यासारख्या. डॉक्टरबाई काचेतून डोकावून म्हणाल्या, "अगं, हा तर पाहुण्यांसमोर ठेवायच्या लायकीचा झालाय." ताई तो दिवसभर हवेत होती.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षेची ताटली म्हणजे तळहाताएवढी, लहान लहान खळग्यांची, प्रत्येक खळग्याच्या तळाशी पांढरा पडदा. त्या खळग्यात राखणदार आणि रोगाच्या पेशी एकत्र सोडायच्या आणि उबेत ठेवून द्यायच्या. ज्या राखणदारानं ओळखलं तो ओरडतो, म्हणजे त्याच्यातून एक रस सुटतो. मग रसायनं घातली, की तो जिथे ओरडला नेमक्या त्या जागी पडद्यावर निळसर काळा ठिपका उमटतो. ताईनं ताटली ठेवली, यंत्राचं दार लावलं आणि त्या दारावर क्षणभर कपाळ टेकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला स्वप्न पडलं. ती एका गल्लीतून अनवाणी चालली होती. डोळे मिटलेले होते आणि त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. हाताला भिंती लागत होत्या, कोमट आणि किंचित हलणाऱ्या. प्रत्येक दाराशी एक वाटी. ती वाकायची, बोट लावायची. कुठे ओल्या दोऱ्यासारखं काही, कुठे रव्यासारखं, कुठे सायीसारखं. हे आपलं, हेही आपलं, असं म्हणत ती पुढे जात होती. मग गल्ली वळली. इथल्या पायऱ्या नुकत्याच धुतल्या होत्या, पायाला गार लागत होत्या. वाट्या घासूनपुसून पालथ्या घातलेल्या. किती टापटिपीची माणसं राहतात इथे, असं तिला कौतुक वाटलं. एका दाराआडून कुणीतरी हलकेच हसलं. ती गुणगुणत पुढे निघून गेली. जाग आली तेव्हा तिला इतकं प्रसन्न वाटत होतं, की रस्ताभर तिच्या तोंडावरचं हसू मावळलं नाही.

ताटली कोरी होती.

एका बाजूच्या खळग्यात तिनं मुद्दाम चिथावणीचं औषध घातलं होतं. तिथे ठिपक्यांची नुसती गर्दी, म्हणजे राखणदार जिवंत होते, त्यांना ओरडता येत होतं. पण धाकट्याच्या रोगासमोर त्यांनी तोंडही उघडलं नव्हतं. पडदे धुतलेल्या चादरींसारखे पांढरे. तिनं परीक्षा पुन्हा केली. पुन्हा तेच. डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ओळखत नाहीत गं ते."

ताई बेसिनपाशी गेली आणि नुसतीच हात धूत उभी राहिली.

धाकट्याला सांगायला ती दुपारी सलूनवर गेली. दार अर्धं लोटलेलं, तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत पाय पसरून बसलेला. अंगातला सदरा आता त्याला मोठा व्हायचा. तिनं सगळं सांगितलं, आरशातल्या त्याच्याकडे बघत, कारण खऱ्याखुऱ्या त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"म्हणजे माझेच पोलीस माझ्याच चोराला ओळखत नाहीत?" धाकटा म्हणाला. "हप्ता बांधलेला दिसतोय."

"गप्प बस रे!" ताईला रडू फुटलं.

त्यानं खुर्ची तिच्याकडे फिरवली आणि म्हणाला, "ताई, मला एकदा दाखव तो. ज्यानं माझी ही दशा केली त्याचं थोबाड तरी बघतो."

बाईंनी परवानगी दिली. टोपी, अंगरखा, पायांत पिशव्या असा सगळा सरंजाम चढवून धाकटा सूक्ष्मदर्शकापाशी बसला. ताईनं फ्लास्क ठेवला, उजेड जुळवला. धाकट्यानं डोळे लावले आणि कितीतरी वेळ एक शब्द काढला नाही. एवढा वेळ तो झोपेतही गप्प राहत नसे.

"हे कुणाचं आहे?" शेवटी त्यानं विचारलं.

"तुझंच की."

"छे. हे माझं नव्हे."

"अरे, असं कसं? मी स्वतः..."

"माझं काळं होतं, ताई. काखेतली गाठ कापली तेव्हा आत शाईची दौत फुटल्यासारखं दिसत होतं, असं सर्जन मला स्वतः म्हणाला. आणि हे बघ. पाण्यासारखं. उद्या रस्त्यात भेटलं तर मी रामराम करून पुढे जाईन."

"एकेकटी पेशी फिकीच दिसते रे. रंग कळतो तो सगळ्या एकत्र..." ताई बोलता बोलता थांबली.

तिनं फ्लास्क उचलला. तळाच्या पेशी सोडवून नळीत घेतल्या, फिरकीच्या यंत्रात गरगर फिरवल्या. सगळ्या पेशी नळीच्या टोकाशी गोळा होऊन बसल्या. तो गोळा पांढराफटक होता. पहिल्या दिवशी हाच गोळा काजळासारखा होता, हे तिला आता स्पष्ट आठवलं. मध्ये एकदा तो करडा झाला होता आणि ती खूश झाली होती. बघ, साफ होतंय, असं तिनं स्वतःला म्हटलं होतं.

पहाटेच्या त्या पालथ्या वाट्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या.

झालं होतं ते अगदी साधं होतं. रंगानं भरलेल्या पेशी सावकाश वाढतात, तळाला नीट चिकटत नाहीत, तरंगतात. त्यांनाच ती रोज मेलेल्या समजून शोषून टाकत होती. मागे उरल्या त्या फिक्या, घाईघाईनं वाढणाऱ्या, रंग बनवायचं सोडून दिलेल्या. त्यांच्या वाटीत राखणदारांच्या ओळखीचं काही नव्हतंच, तर बिचाऱ्यांनी ओरडायचं कशाला? दुसऱ्या कुणाचा नमुना असता तर तिनं नेहमीसारखा एकदा धुतला असता आणि काळ्या पेशी टिकल्या असत्या. भावाचा होता म्हणून तिनं माया केली, आणि तिची माया म्हणजे धुणं.

तिनं बाईंना सगळं सांगितलं. बाई खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या.

"दुसऱ्या कुणाचा असता तर इतका धुतला असतास?"

"नाही."

"म्हणून तो नियम असतो. आणि मी मूर्ख म्हातारी हसत बसले." बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "पहिल्या दिवशीचं काही गोठवलंयस?"

गोठवलं होतं. कोपऱ्यातल्या पिंपात, नायट्रोजनच्या धुरासारख्या थंड वाफेत, बोटाच्या पेराएवढी एक कुपी होती. एकच. आतलं सगळं काळंकुट्ट. वितळवल्यावर त्या पेशी जगल्या नाहीत तर दुसरी मागायला जागा नव्हती, आणि पुन्हा गाठ काढण्याइतकं बळ धाकट्यात उरलं नव्हतं.

"बाई, तुम्ही करा. मी हात लावत नाही."

"माझे हात कापतात. तूच कर. मी शेजारी उभी राहते, आणि धुवायला हात गेला तर त्या हातावर मारीन."

या वेळी बाईंनी एक खळगा वाढवला. शस्त्रक्रियेच्या वेळी धाकट्याच्या दंडाच्या निरोगी कातडीचाही एक कपटा घेतलेला होता. त्यातल्या रंगाच्या पेशी, रोगाचा वारा न लागलेल्या, शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं हळूहळू वाढवल्या होत्या. राखणदारांना त्याही चाचपू देत, असं बाई म्हणाल्या.

कुपी वितळली. ताईनं ते काळं, गढूळ, तिच्या जिवावर येणारं पाणी तसंच्या तसं खळग्यात सोडलं. कुठे काही पुसलं नाही. इतकी गलिच्छ ताटली तिनं जन्मात लावली नव्हती. मग ती यंत्राशेजारी स्टुलावर बसली आणि त्या घुमणाऱ्या उबेत तिचा डोळा लागला. या खेपेला स्वप्न पडलं नाही. नुसता कोमट काळोख होता आणि त्यात कुणीतरी, अगदी हळू, हातानं भिंत चाचपत येत होतं.

ताटली काढली तेव्हा बाईंनी आधी बघितलं आणि भिंगावरून बाजूला झाल्या. "बघ."

पडदा ठिपक्यांनी भरला होता. निळे, काळे, टपोरे, काही एकमेकांत मिसळलेले. प्रत्येक ठिपक्याच्या जागी एकेका आंधळ्या पेशीनं वाटीत बोट घातलं होतं आणि जीव खाऊन ओरडली होती. हेच ते, हेच ते! ताईला वाटलं, आता त्यांचा आवाजही ऐकू येईल. ती हसत होती आणि नाक गळत होतं आणि टेबलावर पाणी पडत होतं, आणि पुसायचं तिच्या लक्षातही आलं नाही.

"आता हा बघ," बाई म्हणाल्या.

वाढवलेला तो एक खळगा. निरोगी कातडीचा. तिथेही ठिपके होते. थोडे कमी, पण होते.

"त्यांना रोग कळत नाही गं," बाई सावकाश म्हणाल्या. "त्यांना रंग कळतो. रोगाच्या वाटीत जे आहे तेच चांगल्या पेशीच्याही वाटीत आहे. आपण यांची फौज करून सोडली, तर ती रोगावर जाईल आणि त्याच्या कातडीवरही जाईल. पांढरे डाग पडतील. कदाचित अंगभर. डोळ्यांना, कानांना त्रास होऊ शकतो, त्यावर आपण लक्ष ठेवू. हमी कशाचीच नाही. पण मी पाहिलंय, ज्यांना डाग येतात त्यांचा रोग बऱ्याचदा मागे हटतो. डाग आले तर समजायचं, ती कामाला लागली."

ताईनं मान हलवली. तिला सगळं समजत होतं, आणि तिच्या डोळ्यांपुढे आई उभी होती.

आई गेली तेव्हा धाकटा रांगत होता. ताई शाळेत जायची, तिला सगळं आठवत होतं. आईचा एकच फोटो घरात होता, काळापांढरा, त्यात ती कुणीही बाई वाटायची. आई खरी होती ती रंगात. पाटीवर पाणी फिरवल्यावर पाटी जशी गर्द आणि तुकतुकीत दिसते, तो रंग. ताई वडिलांच्या वळणावर गेली होती. आईचा रंग जसाच्या तसा उतरला तो धाकट्यावर. लहानपणी तो झोपला की ताई त्याच्या मानेशी तोंड नेऊन बघत बसायची. मोठेपणीही, आईची फारच आठवण आली की काहीतरी निमित्त काढून ती सलूनवर जायची. तो बाही सरसावून कुणाचे तरी केस कापत असायचा आणि ती बाकावर बसून त्याच्या हाताकडे बघत राहायची. हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

त्या दिवशी सांगितलं. इस्पितळाच्या मागच्या पायऱ्यांवर, कपडे धुण्याच्या खोलीतून वाफ येत होती तिथे, उन्हात. आधी ठिपक्यांचं, मग डागांचं, आणि मग ते.

धाकटा बराच वेळ आपला दंड उलटसुलट करून बघत राहिला. जणू तो दुसऱ्या कुणाचा होता आणि सांभाळायला त्याच्याकडे दिला होता.

"गिऱ्हाइकांना वाटेल, फेस पुसायचा राहिलाय," तो म्हणाला. पण विनोद अर्ध्यावरच पडला. "ताई, मला तर ती आठवतच नाही. हा रंग मला माझाच वाटत आला. तुला चालेल का, हा गेला तर?"

"मला काय विचारतोस? जीव तुझा आहे."

"तुलाच विचारणार. आई तुला माहीत आहे. मला नाही."

ताईनं त्याचा दंड दोन्ही हातांत धरला. "जाऊ दे," ती म्हणाली. "सगळा जाऊ दे. मला तू पाहिजेस."

फौज वाढली. ताईनंच वाढवली, आता शेजारच्या मुलीला सोबत बसवून, एकेक पाणी तिला विचारून बदलत. एवढ्या सगळ्या पेशी शेवटी एका पिशवीत मावल्या. पिशवीतलं पाणी किंचित गढूळ दिसायचं, बस्स. ते नळीतून धाकट्याच्या हातात उतरताना ताई काचेपलीकडे उभी होती. नंतरचे दिवस वाईट गेले. ताप, थंडी, बडबड. तापात तो नसलेल्या गिऱ्हाइकाला मान खाली घाला म्हणायचा. मग ताप उतरला आणि एके दिवशी ती त्याला आपल्या घरी घेऊन आली.

आता वाट बघायची होती. फुफ्फुसातले ठिपके कमी होतात का, ते यंत्रात दिसायला वेळ होता. त्याआधी दिसला तर डाग दिसणार होता. रोज सकाळी खिडकीचा पडदा सरकवून ताई त्याला उजेडात बसवायची आणि तपासायची. पाठ, खांदे, बोटांची पेरं, कानांच्या पाळ्या. ज्या रंगाकडे बघून ती इतकी वर्षं जगली, त्याच रंगात ती भोक पडलंय का ते शोधत होती. रंग जिथल्या तिथे, गर्द, तुकतुकीत. "अजून काही नाही," ती म्हणायची, आणि तिचा चेहरा पडायचा. मग आपला चेहरा पडला याचं तिला नवल वाटायचं. धाकटा म्हणायचा, "माझ्याएवढं बारकाईनं तर तू कधी फ्लास्कालाही बघितलं नसशील." हसताना त्याला धाप लागायची. ती धाप वाढतेय की कमी होतेय, हेही ती मनातल्या मनात मोजत असायची.

एका दुपारी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तर तो खिडकीपाशी आरामखुर्चीत झोपून गेला होता. ऊन त्याच्या तोंडावर आलं होतं म्हणून ती पडदा ओढायला गेली. त्याच्या डाव्या डोळ्याच्या पापणीला कापसाचे दोनतीन तंतू चिकटले होते. ती वाकली आणि नखानं अलगद काढायला गेली. निघेनात. तिनं पुन्हा चिमटीत धरले. ते मुळापासून होते. पापणीचेच केस होते ते, पांढरेशुभ्र, आणि त्यांच्या मुळाशी कातडीवर तांदळाच्या दाण्याएवढी एक फिकट जागा होती.

खुर्चीचा हात धरून ताई तशीच उभी राहिली. आत, त्याच्या रक्तात, मिटल्या पापणीच्या कडेपर्यंत, ती आंधळी माणसं दारं चाचपत पोचली होती.

धाकट्यानं झोपेतच विचारलं, "काय गं?"

"आले," ती म्हणाली. "आले रे ते. ओळखतायत."

तो डोळे न उघडता हसला आणि पुन्हा झोपेत उतरला. या वेळी हसण्यामागून धाप आली नाही, की तिलाच तसं वाटलं, कोण जाणे. बाईंना फोन करायला हवा होता. करू, ती मनात म्हणाली. तिनं स्टूल ओढलं, त्याच्या अगदी जवळ नेऊन ठेवलं आणि बसली. त्याची मान, गाल, मांडीवर पालथा पडलेला हात, सगळं अजून पुरतं आईचं होतं. उद्यापासून ते थोडं थोडं जाणार होतं. ऊन खिडकीतून निघून जाईपर्यंत ती त्याच्याकडे बघत बसली.